ऑर्व्हलचा रंग

माझा नवरा ऑर्व्हल सोमवारी सकाळी गेला, तेव्हा ओट्यावर त्याची बरणी चालूच होती. पाण्यात सोडलेल्या चांदीच्या दोन तारा, तारांना चिमटे आणि चिमट्यांच्या मागे एकीला एक जोडलेल्या चौकोनी बॅटऱ्या. बरणी लावून तो टगला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, खाणं घालायला अंगणात गेला आणि लाकडांच्या शेडपाशी खाली बसला तो बसलाच. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हृदय, डॉक्टर म्हणाले. चांदीचा काही संबंध नाही, असंही म्हणाले, मी विचारलं नव्हतं तरी.

ऑर्व्हलला बघून चांदीची आठवण न होणं कठीणच होतं म्हणा. तो पारवा होता. स्वभावाने नव्हे, रंगाने. चेहरा, मान, कान, हात, सगळं कबुतराच्या पाठीसारखं निळसर करडं. ऊन लागेल तिथे जास्त. टोपीखालचं कपाळ मात्र बरंच उजळ राहिलं होतं, त्यामुळे टोपी काढली की कपाळावर आडवी रेघ दिसायची, भिंतीवर पुराचं पाणी किती चढलं होतं ते दिसतं तशी.

हे सगळं सुरू झालं नव्याण्णव साली. दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, वीज जाणार, दुकानं ओस पडणार, असं आमच्या खोऱ्यात सगळे धरून चालले होते. आयडाहोच्या या टोकाला माणसं मुळात सरकार, डॉक्टर आणि शहर या तिघांपासून लांब राहायलाच येतात. त्यांना एवढं निमित्त पुष्कळ झालं. कुणी गव्हाच्या बादल्या भरल्या, कुणी तळघरात रॉकेल साठवलं. औषधं मिळेनाशी होतील तेव्हा काय, तर चांदीचं पाणी. जंतू मरतात म्हणे. लाकूड गिरणीत विजेचं काम बघणारा माणूस गावात एकच, तेव्हा हे काम आपोआप ऑर्व्हलच्या गळ्यात पडलं, आणि त्यानेही ते हौसेने घालून घेतलं.

शुद्ध पाण्यात चांदी उतरायला फार वेळ लागतो. ऑर्व्हलला कुठला धीर! तो चिमूटभर मीठ टाकायचा. मीठ पडलं की पाण्यातून वीज जोरात धावते, तारेवरून धुरासारखा धागा झरझर खाली उतरतो आणि बघता बघता पाणी दुधाळ होतं. मीठ घालू नका, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. पण आमच्याकडच्या माणसाला ‘करू नका’ म्हटलं की त्याचा हात आधी तिकडेच जातो.

“मिठाशिवाय कधी सूप झालंय का?” तो म्हणायचा. आणि बाकीचे चमचाभर घ्यायचे तिथे हा गडी रोज सकाळी पेलाभर रिचवायचा.

जग काही बंद पडलं नाही. जानेवारीत दिवे लागले, दुकानं उघडली. गव्हाच्या बादल्या हळूहळू कोंबड्यांनी संपवल्या. चांदी तेवढी राहिली. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो असा रंगत गेला की मला रोज बघून कळलंही नाही. लिनेट, आमची मुलगी, ती नाताळला आली आणि दारातच रडायला लागली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, आता हा रंग जायचा नाही. गिरणीतले दोस्त त्याला पारवा म्हणायला लागले. तो खदाखदा हसायचा. “सर्दी झाली का मला एकदा तरी? नाही ना? मग?” सर्दी त्याला दर हिवाळ्यात व्हायची. तो तिला भुसा नाकात गेला म्हणायचा.

मी त्या बरणीशी सवतीसारखी भांडले. लपवली, फोडली, शिव्या घातल्या. माझा पेला मी दर वेळी मोरीत ओतला आणि तो त्याला दिसेल असा ओतला. शेवटी दमले. दमले म्हणजे काय, त्याचा तो रंगच मला माझा वाटायला लागला. बाजारात एखाद्याच्या मागून चालताना करडा कान दिसला की जीव भांड्यात पडायचा, सापडला एकदाचा म्हणून.

मंगळवारी फेल्प्सचा फोन आला. फेल्प्स म्हणजे गावातलं मयतगृह चालवतो तो. बापाच्या मागे धंदा सांभाळणारा, तरुण, नको इतका सभ्य.

“मिसेस टॉलिव्हर, विचारू की नको असं झालंय,” तो म्हणाला. “पेटी उघडी ठेवतात म्हणून आम्ही चेहऱ्याला रंग लावून जरा ठीकठाक करतो, तुम्हाला माहीतच आहे. तर रंग कुठला ठेवायचा?”

“रंग?”

“म्हणजे त्यांचा आत्ताचा, की मूळचा?”

लिनेट सोमवारी संध्याकाळीच स्पोकेनहून आली होती. तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“मूळचा,” ती म्हणाली. “मी आज फोटो आणून देते. तसाच करा, अगदी तसाच.”

टेबलाशी शेजारची व्होंडा बसली होती. मयताचे बटाटे घेऊन आली होती. इकडे माणूस गेला की भरपूर चीज घातलेले भाजलेले बटाटे ओव्हनमधून निघाले की लगेच दारात येतात, आणि व्होंडा नेहमी पहिली असते. चांदीच्या पाण्यावर तिचा इतका विश्वास की कोंबड्यांच्या डोळ्यांतसुद्धा ते घालायची.

“बरं केलंस गं पोरी,” ती लिनेटला म्हणाली.

“तुम्हाला आवडलं?” लिनेट चमकली. “मला वाटलं, तुम्ही म्हणाल, अभिमानाने निळा ठेवा.”

“अगं, त्याला तसाच ठेवला तर रविवारच्या आत निम्म्या खोऱ्याने बरण्या उकिरड्यावर फेकलेल्या असतील. लोक घाबरट असतात. त्यांना काय माहीत त्याने किती मीठ घातलं ते!”

“फेकू देत की मग. लवकर फेकतील तेवढं बरं.”

“तू दातांच्या दवाखान्यात काम करतेस, तू असंच म्हणणार.”

“आणि माझा बाप पाच वर्षं माझ्या घरी आला नाही, माझ्या नवऱ्याच्या घरचे त्याच्याकडे टक लावून बघतात म्हणून. मी म्हटलं होतं त्याला, नको येऊस. मी म्हटलं होतं!” लिनेटचा आवाज फुटला. “एकदा तरी माणसांत माणसासारखा दिसू दे त्याला.”

चांदी प्यावी की नाही यावर या दोघींचं उभ्या जन्मात जमलं नव्हतं. एकमत व्हायला ऑर्व्हलला मरावं लागलं. माझ्या मनातही आलंच होतं, बघू या की एकदा. लग्नाच्या वेळचे ते लालबुंद गाल, कोण जाणे अजून आठवतात का मला. लिनेटने मासेमारीचा फोटो शोधून काढला. तळ्याकाठी ऑर्व्हल, हातात भलाथोरला मासा, तोंड उन्हाने गुलाबी. ती तो घेऊन गेली.

बुधवारी दुपारी मी चादरी वाळत घालत होते. घरात लिनेट फोनवर लोकांना मातीची वेळ कळवत होती. चादर झटकली आणि तिच्या पलीकडे लाकडांच्या शेडपाशी एक माणूस उभा दिसला.

गुलाबी, गुटगुटीत तोंडाचा. अंगात चौकड्यांचं जाड जाकीट. मला वाटलं, चर्चकडून कुणी आलं असेल, नाहीतर जमीन विकता का विचारणारा एखादा दलाल. माणूस गेल्याची बातमी त्यांना आधी कळते.

“कोण पाहिजे?” मी विचारलं.

टग त्याच्याकडे गेला, त्याचे बूट हुंगले आणि शेपूट पायांत घालून परत आला. भुंकला नाही. आमचा टग पोस्टमनवरसुद्धा भुंकतो.

“हे बघा, घरात मयत झालंय. नंतर या.”

तो माणूस स्वतःच्या हातांकडे बघत होता. तळवे बघायचा, मग हात उलटे करून बघायचा, दुसऱ्याचे हातमोजे चुकून घातल्यासारखे. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळख मागत होता तो. कोण म्हणावं, ते मला आठवेना, आणि आठवत नाही म्हणून राग आला. मी चादर तारेवर टाकली. टाकून बघते तर शेडपाशी कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने दार वाजलं. मागचं दार, जिथून फक्त घरची माणसं येतात. त्याच्या आधी पायरीवरच्या लोखंडी पट्टीवर बूट घासल्याचा आवाज आला. मी काचेतून पाहिलं. तोच.

“लिनेट, त्याला जायला सांग.”

लिनेटने दार उघडलं. “कुणाला? ममा, कुणी नाहीये इथे.”

तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, पोरीकडे बघत. त्याच्या ओठांना रंग लावल्यासारखा होता. मी दार धाडकन लावून घेतलं. लिनेटने मला झोपेची गोळी दिली आणि मी गप घेतली.

गुरुवारी व्होंडा रिकाम्या बरण्या घेऊन हजर. ओट्यावर ऑर्व्हलची बरणी अजून चालूच होती. ते चिमटे त्याने त्याच्या हाताने लावलेले, ते काढायला माझा हात धजत नव्हता. पाणी दुधाळ होऊन गेलं, पिवळं होऊन गेलं, आता चिखलासारखं काळपट झालं होतं. एक तार झिजून केसाएवढी बारीक झाली होती, दुसरीवर काळी दाढी आली होती. तळाशी गाळ. तरी पाण्यात मधूनच एखादा धागा हळूच खाली सुटायचा. मी दोन दिवस तेच बघत बसले होते. आपल्याला सोडून काहीतरी अजून त्याच्याच सांगण्यावरून चाललंय, असं वाटायचं.

“जास्तच कडक झालंय,” व्होंडा म्हणाली. “पण पाणी घालून घेईन मी. वाया कशाला घालवायचं? आणि हे बघ आर्डी, पुढचं तूच करत जा. रोज तर बघत होतीस.”

“हात लावू नकोस.”

“माझ्या सांध्यांना लागतं गं. त्याने कबूल केलं होतं मला.”

तिने चिमटा काढला. एवढासाच, कपडे वाळत घालायच्या चिमट्याहून लहान. पण माझ्या अंगातून काहीतरी उपसून काढल्यासारखं झालं. मी बरणी उचलली आणि तिच्या देखत मोरीत उपडी केली. मोरीचं पांढरं भांडं करडं झालं.

“वेडी झालीस!” व्होंडा ओरडली.

“हो, झाले. नवरा गेलाय माझा. तुझे बटाटे पण घेऊन जा.”

तिने बटाटे खरंच नेले. ती फाटकाबाहेर पडली, आणि मी वर पाहिलं तर खिडकीच्या काचेला तो गुलाबी माणूस लागून उभा होता. मोरीकडे बघत होता. मग त्याने हाताने स्वतःचा गाल घासला. जोरजोरात, डाग निघत नाही म्हणून कपडा घासावा तसा. गाल तसाच राहिला. त्याने पुन्हा घासला.

“चालता हो!” मी किंचाळले. “माझ्या दारातून चालता हो! कोण आहेस तू?”

त्याचा हात खाली आला. इतकं दुखावलेलं तोंड मी कुणाचं पाहिलं नव्हतं, आणि ते कुणाचं तोंड आहे हेच मला माहीत नव्हतं. मी पडदा ओढला आणि ओट्याला टेकले. भीती होतीच. पण त्या भीतीखाली लाज का वाटत होती, ते कळत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी माती होती. सकाळी मी काळा झगा घालून मागच्या दाराशी आले, आणि बाहेर पडवीतल्या लाकडी खुर्चीत ऑर्व्हल बसला होता.

पाठमोरा. डावा खांदा खाली गेलेला, गिरणीत मोडला होता तेव्हापासूनचा. मान पुढे. एक पाय लांब करून, टाच जमिनीवर आपटत. बत्तीस वर्षं मी कॉफी घेऊन त्या पाठीकडे गेले असेन. माझा सगळा जीव धावत त्याच्याकडे गेला.

“ऑर्व्हल!” मी म्हटलं. “अरे, कुठे होतास?”

तो वळला. आणि त्या खांद्यांवर ते तोंड होतं. गुलाबी, गुळगुळीत, ओठ रंगवलेले, कपाळावर एक रेघ नाही. डोळे तेवढे आत कुठेतरी अडकलेले. मला माझ्याच ओरडण्याचा आवाज ऐकू आला. लिनेट धावत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि मी भिंतीला धरून उभी होते.

“त्याला आत येता येत नाहीये,” मी म्हटलं. “तो रोज येतोय आणि मी त्याला हाकलतेय.”

“कोण, ममा?”

“तुझा बाप. त्याला कुणाचं तरी तोंड लावून पाठवलंय.”

लिनेटने मला जवळ घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून मला दिसत होतं की आता हे असंच चालणार. त्याला असाच पुरला की तो असाच येत राहणार. दर सकाळी आपल्याच दारात परका म्हणून उभा राहणार, आणि मी आतून कडी लावणार. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याला मी जन्मभर ओळखणार नाही. हे सहन होण्यासारखं नव्हतं.

मयतगृहात आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो. पेटी उघडी, सगळीकडे फुलं, त्या मासेमारीच्या फोटोची मोठी चौकट दारात. फेल्प्स हात बांधून बाजूला उभा होता. पेटीत तो होता. तीन दिवस दारात येऊन गेलेला तो माणूस, केस नीट विंचरलेले, झोपवलेला.

“किती छान दिसतोय,” लिनेट म्हणाली आणि रडायला लागली. “ममा, बघ ना. पपा बघ.”

“हा नाही,” मी म्हटलं. “फेल्प्स, पुसून टाक हे.”

“मिसेस टॉलिव्हर, दु:खात असं होतं. पहिल्यांदा बघताना बरेच जण म्हणतात...”

“मला बरेच जण सांगू नकोस. पुसतोस का?”

तो लिनेटकडे बघायला लागला. बाहेर गाड्यांची दारं वाजत होती. “ममा, लोक आलेत,” लिनेट म्हणाली. “प्लीज. आजच्या दिवस. तूसुद्धा भांडायचीस ना त्या चांदीवरून? तूच तर सगळ्यांत जास्त भांडायचीस!”

“भांडायचे. माझ्या नवऱ्याशी भांडायचे. याला मी ओळखतसुद्धा नाही.”

माझ्या पर्समध्ये मलमाचा डबा असतो, गाईंच्या सडांना लावायचं ते. थंडीत हात फुटतात म्हणून इथे सगळ्याच बायका तो बाळगतात. मी दोन बोटं भरून मलम काढलं आणि त्याच्या गालावर चोळलं. गाल थंड आणि घट्ट होता. रंग मेणासारखा सुटायला लागला. रुमालाने पुसलं तशी खालून करडी रेष दिसली. मी अजून मलम घेतलं.

“अहो, नका, त्याला कितीतरी तास लागले होते!” फेल्प्स म्हणाला. माझ्या हाताला धरायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.

मी नाक पुसलं, हनुवटी पुसली, कानांच्या मागे पुसलं. ओठ पुसताना माझे ओठ माझ्या दातांखाली होते. कपाळ शेवटी ठेवलं. रुमाल फिरवला आणि टोपीची रेघ वर आली, खाली गडद, वर उजळ, थोडी वाकडी, कारण तो टोपी नेहमी एका कानावर घालायचा. मग मला रडू आलं. सोमवारपासून पहिल्यांदा. “अरे बावळटा,” मी म्हटलं. “अरे हट्टी माणसा, किती मीठ घातलंस रे.”

व्होंडा दारात उभी होती. तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. तिच्या मागे गिरणीतले म्हातारे होते, टोप्या हातात घेऊन. त्यांतला एक, बर्ल नावाचा, पुढे आला. पेटीत वाकून बघितलं आणि मोठा श्वास सोडला.

“हां. हा आपला पारवा,” तो म्हणाला. “दारातला फोटो बघून मला वाटलं, आपण भलत्याच्या मातीला आलो.”

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले आणि रडले. लिनेट हलली नव्हती. ती बापाकडे बघत होती, त्या रंगाकडे, ज्याला तिने दारातून आत यायला नको म्हटलं होतं. मला वाटलं, ती आता निघून जाईल. ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातला डबा घेतला आणि खाली वाकली.

“हात राहिलेत,” ती म्हणाली.

तिने त्याचे दोन्ही हात पुसले. एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत, जशी तिच्या दवाखान्यात एकेक दात साफ करत असेल तशी. तो तसाच, आपल्या रंगात, मातीत गेला. व्होंडानेसुद्धा मूठभर माती टाकली आणि बटाट्यांचं भांडं माझ्या गाडीत परत ठेवून गेली.

लिनेट रविवारी स्पोकेनला गेली. मी दुसऱ्या सकाळी कॉफी केली, मागच्या दाराची कडी काढली आणि वाट बघत बसले. मनात म्हटलं, आता ये. आता तुझं तोंड तुझं आहे, मी बरोबर ओळखीन. आता तुला दार वाजवायचीसुद्धा गरज नाही.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. टग शेडपाशी जायचा, हुंगायचा, परत येऊन झोपायचा. पायरीवरच्या पट्टीवर बूट घासायला कुणी नव्हतं. मी दुपारी चादरी वाळत घालायला जायचे, धुतलेल्याच पुन्हा धुऊन, आणि प्रत्येक चादर झटकून तिच्या पलीकडे बघायचे. मग बर्फ पडायला लागलं आणि चादरी आत घ्याव्या लागल्या. अंगणभर पांढरं, त्यावर टगच्या पावलांशिवाय काही नाही.

कळायला मला नाताळ उजाडला, इतकी मी मठ्ठ. त्याचं काही बिघडलं होतं म्हणून तो येत होता. मी ते नीट करून दिलं. आता त्याला काही नको आहे. ज्याला काही नको, तो कशाला येईल?

सगळे म्हणतात, आर्डिथ, बरं केलंस. फेल्प्ससुद्धा म्हणाला. बरंच केलं, मला माहीत आहे. पण सकाळी कॉफी ओतताना वाटतं, मी गप्प बसले असते तर तो आजही त्या दारात असता. गुलाबी, रंगवलेला, परका, स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत. मी पहिले काही दिवस ओरडले असते. मग एके दिवशी ओरडायचा कंटाळा आला असता. चांदीचाही आला होता ना शेवटी. मी दार उघडलं असतं. म्हटलं असतं, असशील तसा ये बाबा, कॉफी गार होतेय.